दुधीचा हट्ट

ज्या घरात कुत्री आहेत तिथे केस साठतात. सकाळी झाडून काढा, दुपारी दिवाणाखालून पुन्हा मूठभर निघतात. किश्श्यांचंही तसंच. आमचा रविवारचा ग्रुप चहाला बसला की कोणीतरी एक काढतो, त्याच्यामागून दुसरा निघतो आणि चहा थंड होतो. अडचण एकच आहे. आमच्या ग्रुपमधल्या बहुतेक किश्श्यांत खुळा ठरणारा माणूस मी असतो! पूर्वी मी विषय बदलायचो. आता मीच सांगतो. आपल्या तोंडून थोडं कमी लागेल असं वाटलं होतं, पण तसं काही होत नाही.

आधी ओळख करून देतो. मी दिगंबर. अंबडहून अंकुशनगरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं शेत आहे आणि शेतातच कुत्र्यांचा फार्म. अठरा वर्षं मी राखणीची कुत्री पैदा करतोय, तयार करतोय, विकतोय. उसात रानडुकरं घुसतात, गोडाऊनवर चोर येतात, दोन्हीकडे माझी कुत्री! ट्रेनिंगची माझी पद्धत म्हणजे गळ्यात आवळणारी साखळी, हातात वेताची छडी आणि आवाज. दिगूभाऊ ओरडला की चालू ट्रॅक्टर बंद पडतो, असं लोक म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं, आता काय सांगू!

मग अंबडला जनावरांच्या डॉक्टर म्हणून वाघमारे मॅडम आल्या. वय जेमतेम तीस. त्यांनी दर रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर राखणीच्या कुत्र्यांचा क्लास सुरू केला. मारायचं नाही, ओरडायचं नाही, कुत्र्यानं बरोबर केलं की तिथल्या तिथे बक्षीस द्यायचं. क्लास सगळ्यांना खुला. पहिल्या रविवारी मी गेलो, पण शिकायला नाही. मॅडमना शिकवायला!

*

त्या दिवशी परतूरहून रफिकभाई आले होते. कापसाच्या जिनिंगचं आवार सांभाळतात, साठीचा सज्जन माणूस. त्यांचा शेरू काही केल्या बसत नव्हता. मॅडम हातात खाऊ धरून शांतपणे वाट पाहत होत्या. दोन मिनिटं गेली, तीन गेली. माझ्याच्यानं बघवेना.

"मॅडम, जरा बाजूला व्हा," म्हणत मी शेरूचा पट्टा घेतला, छडी उगारली आणि ओरडलो, "बैठ!"

शेरू बसला. मागे जीपमध्ये उभा असलेला माझा कुत्रा हिरा बसला. आणि रफिकभाईसुद्धा मातीत फतकल मारून बसले!

मैदान हसून लोटपोट. मी ऐटीत मॅडमकडे पाहिलं. "बघितलं?"

"बघितलं की, काका," मॅडम म्हणाल्या. "शेरू बसला, रफिकभाई बसले. आता रफिकभाईंना विचारा, काय शिकले ते."

रफिकभाई पायजम्याची माती झटकत उठले. "मी तं एवढंच शिकलो मॅडम, दिगूभाऊच्या बाजूला उभं राह्यचं न्हाई!"

*

तरी मी क्लासला जात राहिलो. खरं कारण सांगतो. लोक मॅडमकडे जायला लागले होते आणि ही बाई नेमकं काय करते ते मला बघायचं होतं.

मॅडमचा नियम सोपा होता. कुत्रा बसला की लगेच, त्याच सेकंदाला, खाऊ. उशीर झाला की कुत्र्याला वेगळंच काहीतरी कळतं. मी मनात म्हटलं, एका सेकंदाने काय आभाळ कोसळतंय? घरी हिरावर प्रयोग सुरू केला. हिरा बसायचा. मी खिशात हात घालायचो, पिशवीची गाठ सोडायचो, कलेजीचा तुकडा काढायचो. तोवर हिरा उठून उभा राहिलेला असायचा. मी तुकडा द्यायचो. दोन आठवडे रोज हेच.

मग जालन्याहून एक गिऱ्हाईक आलं. मी रुबाबात म्हटलं, "हिरा, बैठ!" हिरा बसला आणि उठला. पुन्हा बसला आणि उठला. माझ्याकडे बघत बघत त्यानं चांगल्या वीस उठाबशा काढल्या!

गिऱ्हाईक हळहळलं. "कशाची शिक्षा देऊन राह्यले याला?"

रविवारी मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. उलट हिराच्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, "याला नावं ठेवू नका हं काका. जे शिकवलं ते हा बरोबर शिकलाय."

*

हा किस्सा माझ्या बायकोला, सुनंदाला, फार आवडतो, म्हणून लवकर उरकतो.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. जेवलेलं ताट जागेवर सोडून उठायची माझी सवय. सुनंदानं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पण त्या पावसाळ्यात कसं कोण जाणे, मी आपोआप ताट उचलून मोरीत ठेवायला लागलो. मला माझंच कौतुक वाटलं. ग्रुपमध्ये सांगितलंसुद्धा, की माणूस ठरवलं तर बदलतो!

रफिकभाईंना ठसका लागला. मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या. मग कळलं. तीन आठवडे सुनंदा मॅडमना फोनवर विचारून हे करत होती. मी चुकून पहिल्यांदा ताट उचललं त्याच क्षणी तिनं गुळाच्या पोळीचा तुकडा हातावर ठेवला होता. मग रोज कधी चिक्की, कधी आलं घालून दुसरा चहा. नंतर नंतर नुसतं "वा!"

मी घरी येऊन चिडलो. "मला कुत्रं समजली का तू?"

"न्हाई हो," सुनंदा म्हणाली. "कुत्र्याला तुम्ही छडीनं मारता. मी तुम्हाला एक दिवस तरी मारलं का?"

मी ताट उचललं आणि मोरीत ठेवलं.

*

आमच्या वावरात दरवर्षी बाबूदादा मेंढ्या बसवायला येतात. मेंढ्यांचं खत वावराला मिळतं आणि त्यांना मुक्कामाला जागा. त्यांच्यासोबत तीन कुत्री असतात, दिसायला अगदी साधी, पण लांडग्याला कळपाजवळ फिरकू देत नाहीत. मॅडमनी एका रविवारी बाबूदादांना मुद्दाम बोलावलं. मी म्हटलं, आता जातिवंत ब्रीडिंग काय असतं ते यांना दाखवू.

"दादा, तुमच्या कुत्र्यांची जात कोणती?"

"राखणीची."

"तसं नाही. पिल्लू कसं निवडता?"

"आधी माय पाहतो," बाबूदादा म्हणाले. "लांडगा आला तवा उभी राह्यली का पळाली. मंग बाप पाहतो. मंग दोघाचं नातं तं न्हाई, ते पाहतो. अन् एक वर्साआड पिल्लं. तिलाबी जीव हाय ना."

मला हसू आलं. मी सांगितलं, आमच्या धंद्यात याच्या बरोबर उलटं असतं. लोकांना पांढरंशुभ्र कुत्रं पाहिजे, गुलाबी नाकाचं. तो रंग टिकवायचा तर घरातल्या घरातच मेटिंग द्यावं लागतं. त्याला लाइन ब्रीडिंग म्हणतात. "हिराला मी त्याचीच पोर लावली, चांदणी. पाच पिल्लं झाली, एकूण एक पांढरी!"

बाबूदादांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाप अन् लेक?"

"दादा, कुत्र्यात चालतं. त्यांना कुठं नातं कळतंय?"

"त्याला कळत न्हाई," बाबूदादा शांतपणे म्हणाले. "म्हणून तं त्याला मालक लागतो."

त्या दिवशी चहा कोणी संपवला नाही. मॅडम मात्र वहीत काहीतरी लिहून घेत होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "काका, त्या पाच पिल्लांतली तुमच्याकडे किती आहेत?"

मी म्हटलं, "एक. दुधी."

*

दुधी म्हणजे भाजीतला भोपळा नव्हे, दुधासारखी पांढरी म्हणून दुधी. पाचातली सगळ्यात देखणी. पुढे पैदाशीला ठेवायची म्हणून विकली नाही. पण स्वभाव असा हट्टी, की विचारू नका! हाक मारली की ढुंकून बघायची नाही. पाठीमागून "दुधी!" म्हणून कितीही ओरडा, मातीत नाक खुपसून आपली चाललीय. अठरा वर्षांत असं हट्टी जनावर पाहिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. आणि हट्ट मोडायचा माझ्याकडे एकच उपाय होता.

दुसरीकडे तिची छाती मात्र वाघाची. पिल्लं सात आठवड्यांची होती तेव्हा दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला शेजारच्या वस्तीवर सुतळी बॉम्ब फुटत होते. हिरा बाजेखाली, चांदणी गोठ्यात, आणि या पाचांतली तीन पिल्लं, दुधीसुद्धा, अंगणात घोरत पडलेली! मी गिऱ्हाइकांना मुद्दाम फटाक्यांच्या वेळी बोलावलं. "बघा, बॉम्ब फुटला तरी डोळा उघडत न्हाई. याला म्हणतात रक्त!" त्याच जोरावर चार पिल्लं हातोहात गेली.

तर दुधी नऊ महिन्यांची असताना मी तिला मैदानावर नेली. मॅडमनी थोडा वेळ तिला नुसतं पाहिलं. मग गाडीतून स्टीलचं ताट आणलं, दुधीच्या मागे गेल्या आणि ताट दगडावर टाकलं.

शेरू भुंकायला लागला. पलीकडच्या लिंबावरचे कावळे उडाले. दुधी माझ्या बुटाची लेस हुंगत होती.

मॅडमनी पुन्हा ताट टाकलं. दुधीचा कानसुद्धा हलला नाही.

मला वाटलं, आता मॅडम मला बोलणार. पण त्या दुधीसमोर मांडी घालून बसल्या, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि सांगितलं की पांढऱ्यावर पांढरं, तेही एकाच रक्तातलं, करत गेलं की असं होऊ शकतं. ती जन्मल्यापासून बहिरी आहे. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काका, किती दिवस मारलं हिला?"

मी म्हटलं, "फार नाही."

सात महिने. रोज.

हे मी पहिल्यांदा ग्रुपमध्ये सांगितलं तेव्हा रफिकभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. माझी मला किळस आली होती आणि कोणीतरी माझ्याशी चांगलं वागतंय हेच सहन होत नव्हतं.

*

बहिऱ्या कुत्र्याला खुणा शिकवायच्या असतात. हात वर केला की जवळ ये. तळवा खाली केला की बस. मॅडमनी सुरुवात केली आणि आठवड्याभरात दुधी सगळं शिकली. रफिकभाईंनी हात वर केला की मैदानाच्या टोकावरून पळत यायची. सुनंदाचा तर पदर धरून फिरायची. हट्टी म्हणे!

मी हात वर केला की ती अंगणातल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली जायची.

काही चूक नव्हती तिची. माझा हात वर गेला की पुढे काय होतं ते मीच तिला शिकवलं होतं, तेही अगदी त्याच सेकंदाला, एकदाही उशीर न करता. मॅडमच्या नियमात मी पहिल्यापासून पास झालो होतो, फक्त चुकीच्या पेपरात.

मग मॅडमनी मला वेगळा अभ्यास दिला. हात वर करायचाच नाही. रोज सकाळी ट्रॉलीजवळ पाठ करून बसायचं, हातात भाकरीचा तुकडा धरायचा आणि वाट पाहायची. ती हातातून घेईल त्या दिवशी घेईल. मी बसतो. अजूनही बसतो. तुकडा जमिनीवर टाकला तर ती येऊन नेते. हातातला घेत नाही. एकदा तिचा श्वास बोटांना लागला, तर मी दिवसभर तो हात धुतला नाही. सुनंदा हसली नाही, म्हणजे बघा.

हिराचं आणि दुधीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. चांदणीला आता पिल्लं नाहीत, नुसतं खाणं आणि झोपणं. फार्मचा बोर्ड मी उतरवला. रस्त्यावरचे लोक विचारतात, "काय दिगूभाऊ, दुकान बंद?" मी म्हणतो, "रिपेअरिंग चालू आहे."

*

यात हसण्यासारखं काही नाही, पण ग्रुपमधलंच आहे म्हणून सांगतो.

मॅडम म्हणाल्या, "काका, बाकीच्या चार घरांना सांगावं लागेल." मी म्हटलं, सांगतो. पंधरा दिवस गेले. त्या पुन्हा म्हणाल्या. मी म्हटलं, नंबर सापडत नाहीत. नंबर माझ्या मोबाइलमध्येच होते.

शेवटी रफिकभाईंनी समोर बसून फोन लावायला लावले. पहिला नंबर बंद. दुसरा म्हणाला, "ऐकायला कमी येतं का त्याला? म्हणूनच! आम्ही तं त्याला दिवसभर साखळीलाच बांधून ठिवतो." मॅडम पुढच्याच रविवारी त्यांच्याकडे गेल्या आणि खुणा शिकवून आल्या. तिसरा परतूरकडचा होता. तो म्हणाला, "लय हट्टी होतं हो तुमचं पिल्लू. हाक मारली तं येतच न्हवतं. रेल्वे लायनीजवळ सोडून दिलं."

रफिकभाई परतूरचेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला. रेल्वे लायनीजवळ बहिरं कुत्रं. हट्टी हा शब्द त्या माणसाला पिल्लाबरोबर मीच दिला असणार.

*

चौथा फोन मी केलाच नाही. म्हटलं, प्रत्यक्ष जाऊ. भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला कौसाबाई म्हणून एक म्हातारी बाई आहेत, एकट्याच राहतात. दिवाळीत भाच्याच्या जीपमधून येऊन पिल्लू घेऊन गेल्या होत्या. एवढ्या लांबून आल्या म्हणून मी त्यांना बॉम्बचा किस्सा जरा रंगवूनच सांगितला होता.

मी आणि रफिकभाई मोटारसायकलवर निघालो. वाटेत मी तीन वेळा चहाला थांबवलं. तिसऱ्यांदा रफिकभाई म्हणाले, "अजून किती चहा प्यायचे, दिगूभाऊ? गाव तं आलं."

कौसाबाई मिरची तोडत होत्या. मका कमरेएवढा झाला होता. लांब बांधावर तो पांढरा उभा होता, दुधीचा भाऊ, आमच्याकडे पाठ करून मक्यावर नजर ठेवून. अंगानं भरलेला, शेपटी वर. मी आलो ते त्याला कळलंच नव्हतं.

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. तरी तोंडातून भलतंच निघालं. "मावशी, माझी चूक झाली. ते कुत्रं बहिरं आहे."

"हाव," कौसाबाई म्हणाल्या. "मला माहीत हाय की."

"माहीत आहे?"

"आणलं त्याच्या दुसऱ्याच दिशी कळलं. मांडीवर निजलं व्हतं. भाच्यानं कानापाशी जीपचा हॉरन वाजवला, तं ह्याचा कान बी हालला न्हाई." त्यांनी ओच्यातल्या मिरच्या टोपलीत टाकल्या. "मंग मी हातानं सांगायला लागले. लेकराला सांगतो तसं. समजतंय सगळं. डुकरं तं यंदा इकडं फिरकलीबी न्हाईत."

"मग मला फोन का नाही केला? मी बदलून दिलं असतं."

"कशाला? तुम्ही किती हौसेनं देल्तं! बॉम्बला बी भेत न्हाई म्हणून सांगत व्हते." त्या जराशा संकोचल्या. "म्हणलं, त्या माणसाला ठाव न्हाई, उगं वाईट वाटंल."

रफिकभाई खाली वाकून चप्पल नीट करायला लागले. चप्पल नीटच होती. मला त्या मिरचीच्या वावरात कुठे तोंड लपवावं कळेना.

मी म्हटलं, दुसरं पिल्लू देतो, हे मी घेऊन जातो, याचं दवापाणी करतो. काय वाटेल ते बोलत होतो. कौसाबाईंनी फक्त मान हलवली. "ह्याला कुठं न्हेता? ह्यो इथलाच हाय."

त्यांनी चहा टाकते म्हटलं, आम्ही नको म्हटलं. मी बांध उतरून मोटारसायकलपाशी आलो, मागे वळलो आणि "येतो मावशी" म्हणून हात वर केला.

बांधावरच्या त्या पांढऱ्यानं नेमकं तेव्हाच वळून पाहिलं.

तो सुटलाच. मक्यातून, पाटावरून उडी मारून, कान मागे, थेट माझ्या अंगावर! रफिकभाई ओरडले. मी डोळे मिटले. हात तसाच वर राहिला, खाली घ्यायचं सुचलंच नाही.

डोळे उघडले तेव्हा तो माझ्या पुढ्यात बसला होता. नीट, दोन्ही पाय जुळवून, शेपटीनं माती झाडत, माझ्या वर धरलेल्या हाताकडे टक लावून. त्याच्या तोंडाला लाळ सुटली होती.

मी हलेना. तोही हलेना.

मिरचीच्या वाफ्यातून कौसाबाईंचा आवाज आला. "अहो, द्या की त्याला कायतरी! हात तुम्हीच वर केला ना?"